तेराव्याची मोटार

आमच्या घरी मोटार आली ती दोन बैलांच्या मागून. चांदूर बाजारच्या बाजूनं निघून वलगावावरून दोरानं ओढत आणलेली ती काळी, उंच चाकांची मोटार अमरावतीत आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन अडकली, तेव्हा शेजारच्या बाया हातातली कामं टाकून बाहेर आल्या. मोटारीत एक गडी ऐटीत चाक धरून बसला होता आणि समोर बैलांशिवाय कोणी नसताना दर दहा पावलांना रबरी भोंगा दाबत होता. त्या मोटारीत चालू असलेली वस्तू म्हणजे तेवढा भोंगा.

माझे वडील भिक्षुक होते. लग्न-मुंजी लावत, सत्यनारायण सांगत आणि तेराव्याची दानंही घेत. ही शेवटची दानं पुष्कळ भटजी टाळतात. बाबा म्हणायचे, "कोणी तरी घेतल्याशिवाय गेलेल्याचं सुटत नाही. सगळेच नाही म्हणाले तर त्यानं करावं काय?" त्यामुळे आमच्या घरात पलंग, कंदील, तांबे आणि छत्र्या यांना तोटा नव्हता. मेलेल्या माणसांच्या छत्र्या डोक्यावर धरून मी शाळा शिकले आणि पुढे त्याच छत्र्या घेऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. भीती मला कधी वाटली नाही. छत्री कोणाची होती, त्याला काय आवडायचं, तो कशानं गेला, हे विचारून घ्यायची खोड मात्र लागली, आणि ती अजून गेलेली नाही.

मोटारीचा मालक संत्र्यांचा मोठा बागाईतदार होता. लढाईच्या आधी त्यानं ती कुणा साहेबाकडून जुनी घेतली होती. मागच्या सीटवर भाजीच्या टोपल्या आणि पुढे आपण, असा तो बाजाराला जायचा. मग ती बंद पडली आणि गोठ्याशेजारी उभी राहिली. तरी तो रोज संध्याकाळी धोतराच्या सोग्यानं तिची काच पुसायचा म्हणे. तो गेल्यावर तेराव्याला दान मांडलं गेलं. पलंग, गादी, छत्री, कंदील, सगळं रीतसर. गेलेल्याची पुढची वाट तापल्या वाळूची असते, म्हणून चपलाही द्यायच्या असतात. त्या आणायच्या राहिल्या होत्या. घरात धावपळ सुरू झाली, तेवढ्यात बागाईतदाराचा मुलगा म्हणाला, "महाराज, बाबाची मोटारच घेऊन जा न जी."

बाबांना घाई होती. तिवश्याला दुसरं कार्य होतं. ते म्हणाले, "मोटार दिली म्हणजे चपला नाही दिल्या तरी चालेल. त्यांना आता पायी चालावं लागणारच नाही."

एवढंच वाक्य. बोलले, उदक सोडलं आणि तिवश्याची सर्व्हिस मोटार गाठायला गेले.

आमच्या बोळात ती मोटार वर्षभर तशीच उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. आई तिच्या टपावर सांडगे वाळत टाकायची. बाबा जाता-येता तिच्याकडे बघायचे. एका दुपारी त्या बागाईतदाराच्या बाई आमच्याकडे आल्या. नवऱ्यामागे त्या अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि वर्षश्राद्धाचं विचारायला मुद्दाम उतरल्या होत्या. धिप्पाड बाई, आवाज शेतात हाक मारायची सवय असलेला. आईनं चहा टाकला. मी ओट्यावर आले आणि मला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. ओट्याच्या पायरीशी त्यांच्या चपला नव्हत्या.

मला विचारल्याशिवाय राहवत नाही. मी आत जाऊन विचारलं, "बाई, चपला कुठे विसरल्या का?"

"विसरली नाही व माय," त्या म्हणाल्या. "काढून ठेवल्या. मोटार चालू झाली का जी महाराज?"

बाबा म्हणाले, अजून नाही.

"मंग ते पायीच चालून राहिले असतीन," बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, जणू बाजारातून माणूस यायला उशीर होतोय. "चपलाबी नाही दिल्या आपण. ते तिकडे तापल्या वाळूत चालते, मी इकडे कशा घालू?"

वर्षभर त्या अनवाणी होत्या. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. त्यांच्या टाचा मी पाहिल्या. उन्हाळ्यात आमच्याकडची काळी जमीन फाटते, तशा फाटल्या होत्या.

आई व्यवहारी. ती लगेच म्हणाली, "अहो, मग वर्षश्राद्धाला चपला द्या की. सुटलं."

"तसं नाही करता येत," बाईंनी मान हलवली. "मोटार दिली मनून सांगून झालं त्याइले. आता चपला धाडल्या त मोटार बंद आहे हे कळते न. त्याइचा लय जीव होता त्या मोटारीवर. कोणी बंद म्हटलं का राग येये."

बाबा भिंतीकडे बघत होते. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, "ते वाक्य पोथीत नाही. मी पदरचं बोललो."

"मग सांगून टाका ना त्यांना!" मी म्हणाले. मला फार राग आला होता. बावीस वर्षांची होते, सत्य सांगणं ही मला सोपी गोष्ट वाटायची. "एका वाक्यासाठी बाई पाय जाळून घेते आहे."

"खोटं होतं म्हणून सांगू? मग बाकी जे सांगितलं ते तरी त्यांनी खरं का मानावं? पलंग, छत्री, सगळंच जाईल. त्यांचा माणूस उघड्यावर राहील." बाबा उठले. "मोटार चालू करू."

आता 'करू' म्हणजे कोणी? बाईंच्या मुलानं मेकॅनिक पाठवतो असं कळवलं होतं. बाबांनी नको म्हणून कळवलं. दिलेल्या दानात देणाऱ्यानं पुन्हा हात घालू नये, ते परत घेतल्यासारखं होतं. आणि दान घेणाऱ्यानं ते स्वतः वापरात आणायचं असतं. हे दुसरं मात्र पोथीतलं आहे का हे मी विचारलं, तेव्हा बाबा संध्येला बसले. मला वाटतं, त्यांना दुसऱ्या कोणाकडून आपली चूक दुरुस्त करून घ्यायची लाज वाटत होती.

माझ्या वडिलांनी तोवर आयुष्यात देवघराची घंटा सोडून एकही यंत्र हाताळलं नव्हतं. पण मोटारीच्या पुढच्या कप्प्यात तिची इंग्रजी पुस्तिका निघाली, उंदरांनी कडा कुरतडलेली. ती मी रोज शाळेतून आल्यावर दोन-दोन पानं मराठीत उतरवून द्यायची. पुष्कळ शब्दांना मराठी नव्हतंच, मग तसेच ठेवले. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच मजा येत होती. पेट्रोल एका नळीनं जातं, हवा दुसरीनं येते, ती दोघं एका चिमुकल्या पितळी डब्यात भेटतात आणि त्यातून हे धूड पळतं, हे वाचून मी दोन दिवस शाळेत मुलींना तेच सांगत होते. बडबडगीत शिकवायचं होतं ते राहून गेलं.

बाबांनी ती वही पोथीसारखी पाठ केली. पुढून मागे आणि मागून पुढे. वेदपाठाची सवय असलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. एंजिन खोलताना ते क्रम म्हणायचे आणि जोडताना तोच क्रम उलटा. काढलेला प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडीत. पुडीवर आधी श्री आणि खाली बोल्टचं ठिकाण. जुन्या धोतरावर ओळीनं मांडलेल्या त्या पुड्या बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, कसली तरी मोठी ग्रहशांत आहे. मोडका भागही त्यांनी टाकला नाही. "हाही दानातलाच," म्हणून एका पोत्यात भरून ठेवत गेले.

आणि मग त्यांनी मोठा घोळ घातला. पुस्तिकेत लिहिलं होतं, एंजिनात चांगलं तेल घालावं. मी 'चांगलं, शुद्ध तेल' असं उतरवलं. आमच्या वऱ्हाडात चांगलं, शुद्ध तेल म्हणजे काय? जवसाचं! आमची भाजी त्यात, लोणचं त्यात. बाबांनी घाण्यावरून ताजं तेल आणलं आणि सगळं एंजिन न्हाऊ घातलं. आठ दिवस हँडल मारून ते छान फिरवत होते. मग दिवाळी आली, लग्नसराई आली, महिना-दीड महिना कोणी हात लावला नाही. नंतर हँडल लावलं तर एंजिन दगड. बाबांचं सगळं वजन पडलं तरी जागचं हलेना.

मोटारस्टँडजवळ एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि बाबांकडे वर बघितलं.

"महाराज, भजे तळून राहिले होते का यच्यात?"

आई दारातून म्हणाली, "अहो, दारा-खिडक्यांना आपण तेच तर लावतो. वाळून कडक व्हावं म्हणून." तिला हे आधीपासून माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

मला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण 'शुद्ध' हा शब्द माझा. बाबा मात्र मला एका शब्दानं बोलले नाहीत. मिस्त्री म्हणाले, "आता सारं खोला, राकेलात बुडवा अन् खरडा. मी हात लावत नाही. मी इथं बसतो अन् बोलतो, हात तुमचा चालवा. जो आपली गाडी आपन खोलते, त्याले रस्त्यात रडा लागत नाही." हे ते बाबांच्या अटीसाठी म्हणत होते, की त्यांना खरंच तसं वाटत होतं, की खरडायचा कंटाळा होता, हे मी त्यांना पुढे विचारलं. ते हसले आणि चहा मागितला.

पुढली अडीच-तीन वर्षं बाबांच्या नखांतली काजळी गेली नाही. आईनं त्यांची दोन धोतरं वेगळी काढली, एक देवाचं आणि एक मोटारीचं. तरी एका लग्नात अक्षता टाकताना वरमायनं त्यांची बोटं पाहिली आणि पुढच्या कार्याला दुसरा भटजी बोलावला. गावात त्यांना 'मोटारभट' म्हणू लागले. बाबांना ते आवडायचं की नाही कोण जाणे, पण हाक मारली की 'ओ' द्यायचे. तळाच्या सडलेल्या फळ्या बैलगाडीच्या सुतारानं बाभळीच्या करून दिल्या, त्या बसवल्या बाबांनीच. पाण्याच्या टाकीला भांड्यांना डाग देणाऱ्याकडे बसून स्वतः डाग द्यायला शिकले. सीटांत कापूस भरला तो दानात आलेल्या गादीचा. शेवटी एका सकाळी हँडलच्या चौथ्या फेऱ्याला एंजिन खोकलं, काळा धूर आला, टपावरची मांजर उडाली आणि ते चालू राहिलं. मी ओरडले. बाबांनी हँडल हातात तसंच धरून एंजिनाला नमस्कार केला.

तेव्हाच बाईंना कळवावं असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, "दाखवू. सांगून काय उपयोग? सांगून तर एकदा झालं आहे."

मिस्त्र्यांनी त्यांना वलगावच्या रस्त्यावर गाडी हाकायला शिकवली. तेवढ्यात अकोल्याहून कार्ड आलं. बाईंनी नातीकडून लिहवून घेतलं होतं. तिथे शेतकी प्रदर्शन भरणार होतं आणि बैल-म्हशींच्या रांगेपलीकडे या वर्षी जुन्या मोटारींची रांग लावणार होते. मोटार आपल्या चाकांवर मैदानात आली पाहिजे, एवढी अट. खाली एकच ओळ होती : 'तुमची येते का?'

संक्रांत होऊन गेली होती. आम्ही दोघं पहाटे निघालो. मागे मोडक्या भागांचं पोतं, पाण्याचे दोन डबे आणि कुरकुरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी एरंडेलाची बाटली. बडनेऱ्यापर्यंत बाबा वहीतला क्रम पुटपुटत होते. मूर्तिजापुरात पाणी उकळलं, तिथे थांबलो. बोरगावापुढे एक पेट्रोलची नळी सुटली. बाबांनी वही न बघता ती बसवली. मी बाजूला बसून विचार करत होते, की गेलेला माणूस या क्षणी खरंच कुठे तरी मोटारीत बसला असेल का, आणि असेल तर आमची नळी सुटली तेव्हा तो उतरून उभा राहिला असेल का? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "गप बस, मला रस्ता बघू दे."

मैदानात चारच जुन्या मोटारी होत्या. एक सरकी-कापसाच्या जिनवाल्या शेठची. काय गाडी होती! आरशासारखी. पितळी दिव्यात आपलं तोंड दिसायचं. आमची तिच्याशेजारी उभी केली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. बाकीच्या दोन, एक डॉक्टरांची आणि एक वकिलाची. आमच्या मोटारीचे बाभळीचे तक्ते आणि बाबांच्या कपाळावरचं गंध बघून लोक जमले, आणि बाबांनी सगळी स्वतः जोडली असं कळल्यावर तिथे वादच सुरू झाला.

वकील म्हणाले, ज्याला आपली मोटार खोलता येत नाही त्यानं ती ठेवूच नये. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पेशंटनं आपलं ऑपरेशन आपणच करायचं म्हणा की!" शेठ हसून म्हणाले, "हवेली पाहिजे मनून मालकानं का इटा वाहा लागते? आमचा मिस्त्री आहे, तो हातानं करते, मी मनानं करतो." शेठचा मिस्त्री मागे उभा होता. त्यानं पुढे येऊन आमच्या एंजिनाला कान लावला आणि बाबांना हळूच म्हणाला, "मालकाच्या हातचं काम आहे जी. कुठं कुठं बोल्ट लय कसून राहिले तुमी. भेवून कसलं वाटते." बाबा लाजले. ते खरं होतं.

मग सगळे बाबांकडे वळले, तुमचं मत काय म्हणून. बाबा म्हणाले, "मला मोटार बांधायची नव्हतीच. मला ती फक्त चालायला हवी होती." हे कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं, म्हणून वाद पुन्हा सुरू झाला. मी तेव्हापासून या प्रश्नाचा विचार करते आहे. मालकानं स्वतः मोटार बांधावी का? मला तर शेठचं म्हणणंही पटतं. त्याच्या मिस्त्र्याला जे येत होतं ते बाबांना सात जन्मांत आलं नसतं. हौस असेल त्यानं करावं, नसेल त्यानं चांगला माणूस बघावा. पण जिथे आपण शब्द टाकला, तिथे दुसऱ्याचा हात चालत नाही.

परीक्षक होते गुरांचे डॉक्टर. बैल बघून झाल्यावर त्यांच्याकडे मोटारी सोपवल्या होत्या. त्यांनी सवयीनं प्रत्येक मालकाला विचारलं, "वय काय?" आणि शेठनं स्वतःचंच सांगितलं. मग म्हणाले, "बैल मालकाच्या हाकेनं वळतो की नाही ते आम्ही बघतो. मोटार बंद करा आणि मालकानंच चालू करून दाखवावी." शेठच्या ड्रायव्हरनं हँडल मारलं. बाबांनी आपलं मारलं, तिसऱ्या फेऱ्याला लागलं. तरी पहिला नंबर शेठला मिळाला, आणि गाडी बघता तो त्यांचाच होता. बाबांना उत्तेजनार्थ एक नारळ मिळाला. आमच्या घरात नारळांची काय ददात होती!

गर्दी पांगल्यावर बाई आल्या. नातीच्या खांद्यावर हात ठेवून, मैदानाच्या खडीतून, अनवाणी. काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं काही तरी होतं. मोटारीपाशी येऊन त्या उभ्या राहिल्या आणि तिच्याभोवती एक फेरा घातला. मग बाबांना विचारलं, "यच्यात त्याइचं काय उरलं जी?"

मी घाबरले. हाच प्रश्न मला तीन वर्षं पडला होता. बाबांनी सांगितलं : चाक, भोंगा, काच आणि एंजिनाचा मोठा ठोकळा. सीटांतला कापूस त्यांच्या गादीचा. बाकीचं मोडलं होतं, ते पोत्यात आहे. आणि पोतं उघडून दाखवलं. बाईंनी पोत्यात हात घालून एक गंजलेली पट्टी उचलली, बघितली, परत ठेवली.

"चालवा."

बाबांनी हँडल मारलं. लागली. ते चढले आणि बाईंसाठी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"ना जी. दिलेल्या वस्तूवर आपन नाही बसाव," त्या म्हणाल्या. "तुमी घेऊन जा."

बाबांनी मैदानाला एक पूर्ण चक्कर मारली. म्हशींच्या रांगेवरून, पाटीवाल्यांच्या मागून, धूर सोडत, भोंगा वाजवत. मी मोटारीकडे बघतच नव्हते, बाईंकडे बघत होते. त्यांची मान मोटारीबरोबर हळूहळू फिरत होती. तोंडात पदराचं टोक होतं.

मोटार परत येऊन उभी राहिली तशी त्या दाराखालच्या पायफळीवर बसल्या आणि वर्तमानपत्र सोडलं. आत त्यांच्या चपला होत्या, तेराव्याच्या दिवशी काढून ठेवलेल्या. चार वर्षं पेटीत राहून कातडं लाकूड झालं होतं. त्यांनी पाय घातले, उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

"चावून राहिल्या व माय," त्या मला म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. अनवाणी चालताना ज्या बाईनं हूं केलं नाही, ती चपला चावतात म्हणून रडत होती.

बाबा खाली उतरले. मागून एरंडेलाची बाटली काढली. बाईंसमोर जमिनीवर बसले आणि हात पुढे केला. बाईंना कळेना. मग त्यांनी एका पायातली चप्पल काढून दिली. माझ्या वडिलांनी, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, भर मैदानात ती चप्पल मांडीवर घेतली आणि बोटानं तिच्या पट्ट्यांत एरंडेल चोळायला लागले. त्या काळात हे काय होतं हे आज सांगून कळायचं नाही. पाटीवाल्या बाया थांबून बघत होत्या. शेठ बघत होते. बाबांना त्याचं भान नव्हतं.

चोळता चोळता ते म्हणाले, "बाई, चपला नाही दिल्या तरी चालेल, असं पोथीत कुठे नाही. ते माझं होतं. मला घाई होती."

मला वाटलं, आता संपलं.

बाईंनी मग विचारलं, "चार वर्सं कावून नाही सांगतलं?"

"तुमचा विश्वास होता."

"अन् आता कावून सांगून राहिले?"

"आता मोटार चालते."

बाईंनी मोटारीकडे बघितलं. एंजिन अजून धडधडत होतं. बाबा ते बंद करायचं विसरले होते. मग त्यांनी दुसऱ्या पायातली चप्पलही काढली आणि बाबांच्या पुढे ठेवली.

"हेबी मऊ करा," त्या म्हणाल्या.

बाबांनी ती मांडीवर घेतली.